मसूरच्या वाटेवरची तहान

मध्यंतरी आमच्या महाविद्यालयात ‘ताणमुक्त जीवन’ या विषयावर व्याख्यान झाले. वक्त्यांनी सर्वांना दीर्घ श्वास घ्यायला लावले, मन शांत ठेवायला सांगितले. मागच्या बाकावरचा एक विद्यार्थी नंतर मला म्हणाला, “सर, श्वास घेतला की. पण खोलीभाडं तसंच हाय.” त्याची शिष्यवृत्ती दोन सत्रे आलेली नव्हती. मी हसलो खरा. पण मीही तासिका तत्त्वावर शिकवणारा माणूस. मानधन कधी हाती पडेल, हे मलाही ठाऊक नसते.

ताण ही गोष्ट खोटी नाही. धोक्याची चाहूल लागली की शरीर ॲड्रिनॅलिन, कॉर्टिसॉल ही द्रव्ये रक्तात सोडते. छाती धडधडते, स्नायू आवळतात. धोका सरला की शरीर सैलावते. श्वासाच्या व्यायामाने त्याला मदत होते, हे मी नाकारत नाही. पण ज्याचा धोका सरतच नाही, त्याचे काय? त्याचे शरीर रात्रंदिवस पहाऱ्यावर उभे असते. झोप उडते, रक्तदाब वाढतो. आणि आपण त्यालाच म्हणतो, तुझे मन दुबळे आहे!

याच मुलुखातली गोष्ट पाहा. ७ नोव्हेंबर १९०० रोजी भीमरावांचे नाव साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात दाखल झाले. आई त्याआधीच गेलेली. वडील दुष्काळी कामावर, तलावाच्या खोदाईवर खजिनदार. १९०१ साली त्यांना भेटायला घरची चार मुले निघाली. त्यांत नऊ वर्षांचा भीम. मसूर स्टेशनवर न्यायला कोणी आले नव्हते, कारण पत्राची वर्दी वडिलांना मिळालीच नव्हती. जात कळताच एकही गाडीवान तयार होईना. अखेर दुप्पट भाड्यावर एक जण कबूल झाला. गाडी मुलांनी हाकायची, त्याने पायी चालायचे, असे ठरले. शिदोरी भरपूर होती. पाणी मात्र कोणी देईना. भरल्या डब्यापाशी मुले उपाशी निजली.

हा प्रसंग बाबासाहेबांनी पुढे ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये लिहिला. शिक्षकांनी लक्ष द्यावे ते इथे. स्वतःच्या मनाच्या दुबळेपणाची तक्रार त्यात नाही. पाणी का मिळाले नाही, भाडे किती पडले, कोण काय म्हणाले, एवढे रोखठोक सांगितले आहे. दुखणे कुठून आले, ते त्यांनी बोट ठेवून दाखवले. आटपाडीच्या शंकरराव खरातांनी ‘तराळ-अंतराळ’ (१९८१) लिहून आपल्या घरादाराच्या वाट्याला आलेली वेठ अशीच उघड केली. आणि १९२४ साली साताऱ्यात भाऊराव पाटलांनी वसतिगृह काढले, तिथे नाना जातींची मुले एकत्र राहिली, एकत्र जेवली. आपले ओझे दुसऱ्याच्याही पाठीवर आहे, हे डोळ्यांनी दिसणे लहान गोष्ट नव्हे.

त्या विद्यार्थ्याला घेऊन बसलो. थकलेल्या शिष्यवृत्त्यांची यादी केली. त्याला वाटत होते, तो एकटाच; नावे सतरा निघाली. अर्ज त्यानेच लिहिला. सही करता करता मान वर करून म्हणाला, “सर, मानधन तर तुमचंबी थकलंय. तुमची यादी कुठाय?”

माझ्याजवळ यादी नव्हती.