घरातील गुपित आणि त्रिवेणींची ‘शरपंजर’

म्हैसूरहून मळवळ्ळीकडे जाणाऱ्या रस्त्यावर सुमारे पंचवीस किलोमीटरवर बन्नूर हे गाव लागते. कावेरीच्या पाण्यावर पिकणारी भाताची व उसाची शेते आणि गावाच्याच नावाने ओळखली जाणारी मेंढ्यांची जात यांमुळे ते प्रसिद्ध आहे. या कावेरीकाठच्या मुलखाने कन्नड साहित्याला एक असामान्य कादंबरीकार दिली. ‘त्रिवेणी’ या नावाने लिहिणाऱ्या अनसूया शंकर यांचा जन्म १९२८ साली बन्नूरहून फार दूर नसलेल्या मंड्य येथे झाला आणि त्यांचा संसार म्हैसूरला झाला. मानसशास्त्र हा त्यांच्या पदवीचा विषय होता व तोच पुढे त्यांच्या लेखनाचाही प्राण ठरला.

आपला जोडीदार आपल्यापासून काही लपवीत तर नसेल ना, ही शंका कादंबरीकारांना फार जुन्या काळापासून मोह घालीत आली आहे. दाफ्नी द्यु मोरिए यांच्या ‘रेबेका’ (१९३८) या इंग्रजी कादंबरीतील नववधू पतीच्या पहिल्या पत्नीचे रहस्य शोधीत त्या प्रशस्त वाड्यात भयाने वावरते. याच कथेच्या आधारे निघालेला ‘कोहरा’ (१९६४) हा हिंदी चित्रपट अनेक वाचकांना स्मरत असेल. अशा कथांत पूर्वी घडलेला मृत्यू असतो आणि त्याचा उलगडा झाला की कथा संपते.

त्रिवेणींच्या ‘शरपंजर’ या कादंबरीत असा मृत्यूही नाही व वाडाही नाही. आहे ते एक सुखवस्तू, सुशिक्षित कुटुंब. दुसऱ्या बाळंतपणानंतर कावेरी या गृहिणीचे मन ढळते आणि विवाहापूर्वीची एक आठवण, जी तिने मनाच्या तळाशी दडवून ठेवली होती, ती वर येते. रुग्णालयातून ती बरी होऊन परतते. पण घर तिला पूर्वीसारखे स्वीकारीत नाही. तिच्या प्रत्येक शब्दात लोकांना वेडाची छटा दिसू लागते. पुढे पतीचे दुसऱ्या स्त्रीशी असलेले संबंध तिला कळतात आणि तिचा उरलासुरला आधारही सुटतो. पत्नीचे गुपित तिला कायमची अपराधी ठरविते, पतीचे मात्र सहज खपून जाते. हा पक्षपात वाचकाच्या मनाला बोचत राहतो. सत्तरच्या दशकाच्या आरंभी पुट्टण्ण कणगाल यांनी या कादंबरीवर चित्रपट काढला आणि कल्पना या अभिनेत्रीने साकारलेली कावेरी कर्नाटकात घरोघरी पोहोचली.

कावेरीचा आजार काल्पनिक नव्हे. हजारी एक-दोन बाळंतिणींना असा तीव्र मनोविकार होतो. तो बहुधा प्रसूतीनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत सुरू होतो. झोप नाहीशी होणे, विचारांचा गोंधळ, अकारण संशय, नसलेले आवाज ऐकू येणे ही त्याची लक्षणे होत. अशा वेळी देवऋषी शोधीत न बसता बाळंतिणीला तत्काळ डॉक्टरांकडे नेले पाहिजे, कारण माता व बालक दोघांच्याही जिवाला धोका संभवतो. वेळीच उपचार झाल्यास बहुतेक स्त्रिया पूर्ण बऱ्या होतात. बंगळूरच्या ‘निम्हान्स’ या संस्थेत २००९ पासून आई व बाळ यांना एकत्र ठेवून उपचार करणारा स्वतंत्र विभागही आहे.

येथेच गुपिताचा प्रश्न पुन्हा उभा राहतो. हा विकार पुढील बाळंतपणात उलटण्याचा संभव मोठा असतो. तथापि ‘लोक काय म्हणतील’ या भीतीने पूर्वीचा आजार सासरपासून, पतीपासून, इतकेच नव्हे तर डॉक्टरांपासूनही लपविला जातो. मग जी काळजी आधीच घेता आली असती ती घेतली जात नाही.

त्रिवेणी १९६३ साली, अवघ्या चौतिसाव्या वर्षी, बाळंतपणानंतर थोड्याच दिवसांत निवर्तल्या. त्यांची ही कादंबरी पतिपत्नींनी मिळून वाचावी अशी आहे. घरात एखादी कावेरी बरी होऊन परत आली, तर तिच्याकडे संशयाने पाहण्याऐवजी तिचे बोलणे शांतपणे ऐकून घेणारे एक तरी माणूस घरात असावे, एवढे भान या वाचनातून आले तरी पुष्कळ झाले.