विश्लेषण : ट्रेकर सहकाऱ्याला निरोपाची भेट म्हणून चाकू? नाव कोरण्याआधी काय तपासावे?

ऑफिसातला एखादा सहकारी दर पावसाळ्यात सगळ्यांना राजमाची, हरिश्चंद्रगड फिरवून आणतो. एक दिवस तो राजीनामा देतो आणि त्याला वगळून व्हॉट्सॲपवर नवा ग्रुप तयार होतो. घड्याळ, पेन, फोटोफ्रेम असे नेहमीचे पर्याय येऊन जातात आणि मग कुणीतरी सुचवते, ‘त्याचे नाव कोरलेला ट्रेकिंगचा चाकू देऊ या!’ कल्पना खरोखर चांगली आहे. वर्गणी निघते, ऑर्डर जाते आणि घोळ इथूनच सुरू होतो. कधी पाते इतके मोठे निघते की ते घेऊन फिरणेच अडचणीचे ठरते, कधी नावातले जोडाक्षर तुटलेले असते, तर कधी भेट मिळालेल्या रात्रीच ती विमानतळावरच्या तपासणीत जमा होते. नाव कोरलेली वस्तू दुकानदार सहसा परत घेत नाही. त्यामुळे तपासायचे ते आधीच तपासलेले बरे.

सह्याद्रीत चाकू लागतो तरी कशाला?

काकडी आणि कांदा चिरायला, लिंबू कापायला, पाकिटे फोडायला, दोरी किंवा चिकटपट्टी कापायला. बुटाचा सोल निघून आल्यावर तो सुतळीने बांधावा लागतो, तेव्हाही. झाले! परदेशी साहसपटांत नायक एकटाच ओंडके फोडून निवारा उभारतो, तसे इथे काही करायचे नसते. वनक्षेत्रातली झाडे तोडणे हा गुन्हाच आहे. गडाच्या दगडावर नाव कोरणे हाही गुन्हा. केंद्र संरक्षित स्मारकाचे विद्रूपीकरण केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद कायद्यात आहे.

म्हणून सात ते नऊ सेंटिमीटरचे पाते पुरेसे ठरते. त्याहून मोठे पाते कांदा चिरताना उलट त्रासच देते.

एक गोष्ट मात्र चाकूने कधीही करायची नसते. साप चावल्यावर जखमेला चीर देऊन ‘विष काढण्याचा’ सल्ला आजही गडांच्या वाटेवर ऐकू येतो. त्याने विष निघत नाही. रक्तस्राव आणि जंतुसंसर्ग वाढतो, शिवाय रुग्णालयात पोहोचायचा वेळ वाया जातो.

कायद्याची रेषा कुठे आहे?

शस्त्र नियमांच्या पहिल्या अनुसूचीत तलवारी, भाले, खंजीर यांच्यासोबत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याचे चाकू मोडतात. घरगुती, शेती, वैज्ञानिक किंवा औद्योगिक वापरासाठी बनवलेली हत्यारे त्यातून वगळली आहेत. त्यामुळे स्वयंपाकघरातला सत्तूर किंवा शेतातला कोयता यात येत नाही. नऊ इंच म्हणजे जवळपास २३ सेंटिमीटर. ट्रेकसाठी घेतलेला समंजस चाकू त्याच्या निम्म्यालाही पोहोचत नाही.

पण माप कमी म्हणजे मोकळीक, असे नाही. सण, निवडणुका, मोर्चे या काळात महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ (१) खाली मनाई आदेश निघतात. ‘शारीरिक इजा करण्यासाठी वापरता येईल अशी वस्तू’ बाळगण्यास त्यात मनाई असते आणि या शब्दांत छोटा चाकूही बसू शकतो. ट्रेकला जाताना चाकू खिशात किंवा कमरेला न लावता सॅकच्या तळाशी, जेवणाच्या सामानात ठेवावा, असे जुने ट्रेकर सांगतात ते उगाच नाही.

खटक्याचा चाकू, म्हणजे बटण दाबताच पाते उघडणारा, भेट म्हणून टाळावाच. हिंदी चित्रपटांतल्या ‘रामपुरी’ने त्याची जी ओळख करून ठेवली आहे ती नाकाबंदीवरच्या पोलिसालाही ठाऊक असते. सहकारी दिल्लीला बदलून जाणार असेल तर जास्तच सावध राहावे. तिथल्या अधिसूचनेत खटक्याच्या, गरारीच्या, बटणाच्या किंवा यांत्रिक रचनेने उघड-बंद होणाऱ्या चाकूंसाठी पात्याची मर्यादा ७.६२ सेंटिमीटर लांबी आणि १.७२ सेंटिमीटर रुंदी अशी आखलेली आहे.

अभयारण्यातल्या गडांचे काय?

हा मुद्दा बहुतेक ट्रेकर्सच्या गावीही नसतो. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ मध्ये ‘शस्त्र’ या शब्दाच्या व्याख्येत बंदूक, धनुष्यबाण, सापळे यांच्या रांगेत चाकूही आहे. लांबीची कोणतीही अट त्याला नाही. याच कायद्याच्या कलम ३१ नुसार मुख्य वन्यजीव रक्षक किंवा अधिकृत अधिकाऱ्याच्या लेखी पूर्वपरवानगीशिवाय शस्त्र घेऊन अभयारण्यात जाता येत नाही. राष्ट्रीय उद्यानांनाही हे लागू आहे.

आता नकाशा पाहा. हरिश्चंद्रगड, रतनगड आणि कळसूबाई हे कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतात. वासोटा कोयना अभयारण्यात. भीमाशंकर आणि कर्नाळा ही तर नावाचीच अभयारण्ये. म्हणजे ज्या गडांच्या आठवणीखातर हा चाकू दिला जातो, त्यांतल्या कित्येक ठिकाणी तो नेणे कागदोपत्री नियमभंग ठरते. काकडी चिरायच्या सुरीवरून कुणी गुन्हा दाखल करेल असे वाटत नाही, पण कमरेला म्यान लटकवून नाक्यावर गेल्यास प्रश्न विचारले जाणारच. अशा ट्रेकला चाकू घरी ठेवावा आणि फळे, सॅलड घरूनच चिरून न्यावे.

सहकारी परदेशी निघाला असेल तर?

पुण्या-मुंबईतले अनेक निरोप समारंभ आता याच कारणाने होतात आणि प्रत्येक देशाचे चाकूचे गणित वेगळे असते. ब्रिटनमध्ये तीन इंचांपर्यंत धार असलेला, घडी होणारा आणि लॉक नसलेला चाकू सबळ कारणाशिवायही सार्वजनिक ठिकाणी बाळगता येतो. पाते लॉक होत असेल तर ही सवलत जाते. जर्मनीत एका हाताने उघडून लॉक होणारे चाकू आणि १२ सेंटिमीटरहून लांब पात्याचे, घडी न होणारे चाकू सोबत बाळगण्यावर निर्बंध आहेत. त्यासाठी मान्य होईल असे कारण असावे लागते. जपानमध्ये साधारणपणे सहा सेंटिमीटरहून लांब पाते योग्य कारणाशिवाय सोबत ठेवता येत नाही.

गंमत अशी की ‘लॉक असलेला चाकू सुरक्षित’ हा दुकानातला सल्ला खरा आहे. पाते बोटांवर मिटत नाही. पण लंडनच्या रस्त्यावर तेच लॉक अडचणीचे ठरते.

विमानाचा नियम सोपा आहे : केबिन बॅगेत चाकू चालत नाही. चेक-इन बॅगेत तो नीट गुंडाळून नेता येतो. पण निरोप शुक्रवारी संध्याकाळी, विमान त्याच रात्री आणि भेट हातातल्या बॅगेत, हे असेच घडते. बॅगा बांधण्यापूर्वी भेट देणे किंवा निदान कानावर घालणे हाच उपाय. सरप्राइज थोडे कमी होईल, चाकू वाचेल.

कोणता घ्यावा?

भारतात सहज मिळणाऱ्यांत तीन नावे वारंवार येतात. पहिले स्वित्झर्लंडचे व्हिक्टोरिनॉक्स. कार्ल एल्सनर यांनी १८८४ मध्ये कारखाना सुरू केला आणि १८९७ मध्ये ‘ऑफिसर्स नाइफ’ची नोंदणी केली. तोच पुढे स्विस आर्मी नाइफ म्हणून ओळखला गेला. त्यांच्या ९१ मिलिमीटरच्या मालिकेतल्या ‘हायकर’मध्ये लाकूड कापायची करवत आहे पण कात्री नाही. ‘क्लाइंबर’मध्ये कात्री आहे, करवत नाही. नाव ऐकून सगळे ‘हायकर’ मागवतात. सह्याद्रीत मात्र करवतीपेक्षा कात्री जास्त वेळा लागते, बँडेज कापायला किंवा नखे काढायला तरी. या मालिकेतल्या मुख्य पात्याला लॉक नसते आणि धार तीन इंचांच्या आत असते. ब्रिटनला निघालेल्यासाठी हा सर्वांत निर्धोक पर्याय.

दुसरा फ्रान्सच्या साव्हा भागातला ओपिनेल, १८९० पासूनचा. बीच लाकडाची गोलसर मूठ आणि १९५५ मध्ये आलेली, फिरवून पाते अडकवणारी धातूची कडी ही त्याची ओळख. आठ नंबरचे पाते ८.५ सेंटिमीटरचे, सहा नंबरचे सात सेंटिमीटरचे. दिसायला देखणा, वजनाला हलका. दोष एकच आणि तो नेमका आपल्या पावसात दिसतो : लाकूड पाणी पिऊन फुगते, पाते सांध्यात आवळले जाते आणि उघडता उघडत नाही. सुकल्यावर ते पुन्हा मोकळे होते, पण जुलैमधल्या ट्रेकवर सुकणार कधी?

तिसरा स्वीडनचा मोरा. घडी न होणारा, प्लास्टिकच्या म्यानात राहणारा, स्वस्त आणि दणकट. वापरायला उत्तम, पण समारंभात हातात घेतल्यावर जरा रांगडा वाटतो. शिवाय घडी न होणारे पाते बाळगण्याबाबत प्रश्न जास्त येतात.

पोलाद शक्यतो स्टेनलेसच घ्यावे. त्यातले क्रोमियम (किमान साडेदहा टक्के) हवेशी संयोग पावून अतिशय पातळ थर तयार करते आणि तो गंज रोखतो. कार्बन पोलादाला धार सहज लावता येते, म्हणून शौकीन त्याच्या प्रेमात असतात. पण लिंबू किंवा कैरी कापली की ते काळवंडते आणि सॅकमध्ये ओले राहिले तर लवकरच गंजाचे ठिपके दिसू लागतात. ओपिनेल दोन्ही प्रकारांत मिळतो, तेव्हा ऑर्डर देताना हे पाहूनच घ्यावे. ‘दमास्कस’ म्हणून स्वस्तात विकल्या जाणाऱ्या नक्षीदार पात्यांच्या मोहात पडू नये. अनेकदा ती नक्षी पोलादात नसते, वरवर कोरलेली असते.

नाव कोरायचे कुठे आणि कसे?

शक्यतो मुठीवर. पात्यावरच हवे असेल तर पाठीकडच्या सपाट भागावर. धारेकडच्या उतारावर कोरलेली अक्षरे धार लावताना हळूहळू झिजून जातात.

ट्रॉफी, की-चेन, नेमप्लेट बनवणाऱ्या दुकानात जाताना एक प्रश्न विचारावा : मशीन कोणते? सीओटू लेझरचा किरण १०.६ मायक्रोमीटर तरंगलांबीचा असतो. लाकूड, ॲक्रिलिक, चामडे तो छान जाळतो, पण उघड्या पोलादावरून बहुतांश परावर्तित होतो. पोलादासाठी फायबर लेझर लागतो. त्याची तरंगलांबी एक मायक्रोमीटरच्या आसपास असल्याने धातू ती शोषून घेतो. थोडक्यात, लाकडी मुठीला सीओटू आणि पात्याला फायबर. रंगीत ॲल्युमिनियमची मूठ असेल तर अक्षरे सर्वांत स्वच्छ उठतात, कारण लेझर फक्त वरचा रंगीत थर काढतो आणि खालचा पांढुरका धातू दिसू लागतो. प्लास्टिकची मूठ वितळू शकते, तिथे आधी नमुना पाहावा.

लेझरच्या उष्णतेने पात्याचे ‘पाणी’ उतरेल का, ही शंका येते. उष्णता वरच्या अगदी पातळ थरापुरतीच राहते, त्यामुळे कडकपणा टिकतो. मात्र त्या जागचा गंजरोधक थर कमकुवत होतो आणि कोरलेल्या रेघांत ओल साचते. अक्षरांवर अधूनमधून खाद्यतेलाचा हात फिरवला की काम भागते.

खरी फजिती मराठी अक्षरांची होते. दुकानातल्या सॉफ्टवेअरमध्ये युनिकोड मजकूर चिकटवला की ‘सह्याद्री’तला ‘ह्य’ सुटा होतो, ‘दऱ्या’तला र भलतीकडे जातो, वेलांटी अक्षराच्या मागे उडी मारते. दुकानदाराला मराठी येत असले तरी मशीनला येत नाही. उपाय असा, की मजकूर संगणकावर नीट जुळवून, अक्षरांचे बाह्यरेषांत रूपांतर करून पीडीएफ किंवा एसव्हीजी फाइल द्यावी. मग तो मजकूर न राहता चित्र होतो आणि फुटत नाही. ठसठशीत, एकसारख्या जाडीचा फाँट निवडावा. बारीक अक्षरांत मात्रा आणि अनुस्वार एकमेकांत मिसळतात. आधी लाकडाच्या तुकड्यावर एक प्रत काढून, भेट ज्याला द्यायची त्याच्या नावाशी अक्षरागणिक ताडून पाहावी.

मजकूर थोडका असावा. ‘तुझ्या पुढील वाटचालीस हार्दिक शुभेच्छा’ हे केकवर शोभते. मुठीवर नाव, एका गडाचे नाव आणि सोबत गेलेल्या ट्रेकचे वर्ष एवढे बसते आणि पुरतेही. कंपनीचा लोगो तर टाळावाच, तो माणूस ती कंपनी सोडूनच निघाला आहे.

‘चाकू दिला तर नाते तुटते’, त्याचे काय?

ग्रुपवर हा मेसेज कुणाच्या तरी आईच्या हवाल्याने येतोच. सुरी किंवा कात्री हातातून हातात देऊ नये, भांडण होते, असे आपल्याकडे घरोघरी सांगतात. युरोपातही हीच समजूत आहे आणि त्यावरचा तोडगाही तिथे जुना आहे. चाकूसोबत एक नाणे द्यायचे आणि घेणाऱ्याने ते लगेच देणाऱ्याला परत करायचे. म्हणजे चाकू भेट मिळाला नाही, विकत घेतला, असा हिशेब. वर्गणी जमवणाऱ्याने एक रुपयाचे नाणे आदल्या दिवशीच बाजूला काढून ठेवावे. सगळेच जण यूपीआयवर असल्याने ऐन समारंभात ते कुणाच्याच खिशात सापडत नाही.