हिट-गर्लचा बाप हिशेबनीस होता

२०१० च्या अखेरीस एका छोट्या नियतकालिकात मी 'किक-अ‍ॅस' या चित्रपटावर दोन पानांचे टिपण लिहिले होते. चित्रपट त्याच वर्षी मार्चमध्ये ब्रिटनमध्ये आणि एप्रिलमध्ये अमेरिकेत झळकला होता. त्यातल्या अकरा वर्षांच्या मारेकरी मुलीवरून तिकडे बराच गहजब झाला होता. मी गहजब करणाऱ्यांची थट्टा केली. चित्रपट निरुपद्रवी आहे, समीक्षकांना विनोद कळत नाही, असा माझा एकंदर सूर. ते टिपण आज आणखी कुणाकडे असण्याची शक्यता नाही. माझ्याकडे आहे, आणि ते मला टोचते.

चित्रपटशास्त्राचे माझे शिक्षण नाही. पतसंस्थेचे हिशेब लिहिण्यात नोकरी गेली. उरलेल्या वेळात सुपरहिरोंची कॉमिक्स आणि त्यांच्याविषयी हाती लागेल ते वाचत आलो. सुरुवात अर्थातच इंद्रजालमधल्या वेताळापासून.

चित्रपटाची कथा थोडक्यात सांगतो. डेव्ह नावाचा एक सामान्य मुलगा अंगात कसलीही शक्ती नसताना पोशाख चढवून सुपरहिरो व्हायला निघतो आणि मार खातो. खरी कुशल जोडी वेगळीच आहे, बिग डॅडी आणि त्याची मुलगी मिंडी ऊर्फ हिट-गर्ल. या मुलीच्या पहिल्याच प्रसंगात निकोलस केज तिच्यासमोर पिस्तूल धरून उभा आहे. तिने छातीला गोळीरोधक जाकीट घातले आहे. गोळी लागल्यावर कसे वाटते याचा हा सराव. ती घाबरली आहे. तो लाडाने समजावतो आणि गोळी झाडतो. ती कोसळते, उठते. आणखी गोळ्या झेलायच्या, तर त्या बदल्यात बोलिंग आणि आइस्क्रीम, असा सौदा ठरतो.

मी हे डीव्हीडीवर पाहत होतो. माझी अकरा वर्षांची भाची सुट्टीला आली होती, ती मागे येऊन उभी राहिलेली मला कळले नाही. मी हसत होतो. तिने विचारले, "मामा, हे तिचे खरे बाबा आहेत?" मी म्हटले, हो. "मग गोळी का मारतायत?" मी तिला स्वयंपाकघरात आजीकडे पाठवले आणि चित्रपट पुढे पाहिला.

गहजब नेमका कशावरून झाला, हे पाहण्यासारखे आहे. बरीचशी ओरड एका शिवीसाठी होती. मिंडी पहिल्यांदा खोलीभर गुंडांसमोर उभी राहते तेव्हा इंग्रजीतली बहुधा सर्वांत ओंगळ शिवी हासडते आणि मग दुधारी भाल्याने एकेकाची खांडोळी करते. पाठीमागे लहान मुलांच्या एका जुन्या दूरदर्शन मालिकेचे उडते गाणे वाजत असते. पालकांच्या संघटना शिवीवर तुटून पडल्या, भाल्याबद्दल तुलनेने कमी बोलल्या. शिवी मुलीच्या तोंडची होती, रक्त कॅमेऱ्याच्या करामतीचे. माणसांची त्यातली प्रतवारी मला तेव्हाही विनोदी वाटली होती, आजही वाटते.

शिकागोचे समीक्षक रॉजर ईबर्ट यांचा आक्षेप मात्र निराळा होता. त्यांनी चित्रपटाला एकच तारा दिला. त्यांचे म्हणणे असे की, अमेरिकेत त्याच वयाची मुले खरोखर एकमेकांवर गोळ्या झाडत असताना यातला विनोद विनोद राहत नाही. शेवटी एक धिप्पाड माणूस या मुलीला लाथाबुक्क्यांनी तुडवतो, तेही त्यांना सोसले नाही. माझ्या टिपणात मी ईबर्टना 'म्हातारे झाले' म्हटले होते.

कायद्याच्या बाजूने पाहिले तर गंमतच होती. ब्रिटनमध्ये चित्रपटाला '१५' हे प्रमाणपत्र मिळाले, म्हणजे त्याहून लहानांना चित्रगृहात प्रवेश नाही. अमेरिकेत सतरा वर्षांखालच्यांना पालकासोबतच परवानगी. क्लोई ग्रेस मोरेट्झ ही भूमिका करत होती तेव्हा अकरा वर्षांची होती. जिने ही कत्तल साकारली तिला ती ब्रिटनच्या पडद्यावर पाहण्याची मुभा नव्हती. चित्रपट लहानांबद्दल होता, पण लहानांसाठी नव्हताच. मग 'मुले अनुकरण करतील' या भोवतीच सारा वाद का फिरला?

कारण तो प्रश्न जुना आणि सवयीचा आहे. १९५४ साली फ्रेडरिक वर्थॅम या मानसोपचारतज्ज्ञाने कॉमिक्समुळे मुले बिघडतात असे सांगणारे पुस्तक लिहिले. अमेरिकेच्या सिनेटच्या उपसमितीसमोर त्यांची साक्ष झाली, आणि घाबरलेल्या प्रकाशकांनी स्वतःवर आचारसंहिता लादून घेतली. कॅरल टिली या अभ्यासिकेने वर्थॅमची जुनी कागदपत्रे चाळली तेव्हा दिसले की, मुलांच्या मुलाखतींत त्यांनी सोयीनुसार काटछाट आणि जोडाजोड केली होती. टिलींचा हा लेख २०१२ चा. तेव्हापासून अनुकरणाचा मुद्दा काढला की कॉमिक्सप्रेमी वर्थॅमचे नाव घेऊन मोकळे होतात. मीही २०१० मध्ये, टिलींचा पुरावा यायच्या आधीच, तेच केले होते. वर्थॅम लबाड निघाले म्हणून प्रश्न मिटतो असे नाही. प्रश्न चुकीच्या दारावर ठोठावला जात होता, एवढेच.

दुसरे दार म्हणजे ज्या मोठ्या माणसांनी ही मुले घडवली त्यांचे. बॅटमॅनच्या शेजारी रॉबिन हा पोरगा १९४० मध्ये आला. का? लेखक बिल फिंगर यांनी सांगून ठेवले आहे की, बॅटमॅनला बोलायला कुणीतरी हवे होते, होम्सला वॉटसन असतो तसे. संवाद लिहिणे सोपे जावे म्हणून एक अनाथ मुलगा रात्री गुंडांशी लढायला निघाला. लहान वाचकांना त्यात स्वतःला पाहता आले, हा फायदा वेगळा. पुढे ऐंशीच्या दशकात अमेरिकी कॉमिक्स वर्तमानपत्रांच्या ठेल्यांवरून खास दुकानांत गेली आणि वाचकाचे वयही वाढले. १९८८ मध्ये डीसी कंपनीने दुसऱ्या रॉबिनला, जेसन टॉडला, जोकरच्या हाती सापडवले आणि तो जगावा की मरावा हे वाचकांवर सोपवले. दोन दूरध्वनी क्रमांक, एका फोनला पन्नास सेंट. जगावा म्हणणारे ५,२७१. मरावा म्हणणारे ५,३४३. बहात्तर फोनांच्या फरकाने पोरगा मेला. वाचकांना मूल मारण्याची थेट संधी मिळाली आणि त्यांनी पैसे मोजून ती घेतली. माझ्याकडे फोन असता तर मी काय केले असते, ते लिहीत नाही.

आता माझ्या शीर्षकाकडे येतो. चित्रपटात बिग डॅडी हा अन्यायाने तुरुंगात गेलेला प्रामाणिक पोलीस आहे. त्या दुःखात त्याची बायको गेली, म्हणून तो एका माफिया म्होरक्याचा सूड घेतो आहे आणि मुलगी त्या सूडात वाढली आहे. मार्कस नावाचा त्याचा जुना सहकारी मुलीच्या हरवलेल्या बालपणाबद्दल त्याला हटकतो, पण प्रेक्षक तोवर बापाच्या बाजूला गेलेला असतो. मूळ कॉमिकमध्ये, जे मार्क मिलर यांनी लिहिले आणि जॉन रोमिटा ज्युनिअर यांनी चितारले, हीच कहाणी आधी सांगितली जाते आणि शेवटाकडे फोडली जाते. शत्रूच्या तावडीत सापडल्यावर बिग डॅडी कबुली देतो. तो कधीच पोलीस नव्हता. हिशेबनीस होता. कॉमिक्सचा वेडा होता, आयुष्याला कंटाळला होता. बायको जिवंत आहे. तिला सोडून तो मुलीला घेऊन पळाला, आणि मुलीचे आयुष्य रोमांचक व्हावे म्हणून खलनायक निवडला. खर्च कसा भागे? जुनी, दुर्मीळ कॉमिक्स विकून.

कॉमिक स्वतःच्या वाचकाकडे बोट दाखवते, तुझ्यासारख्याच एका माणसाने हे मूल बनवले म्हणून. चित्रपटाने ते बोट कापून टाकले. मोठ्या स्टुडिओंना ही मुलगी वयाने मोठी तरी हवी होती, नाहीतर नको होती. दिग्दर्शक मॅथ्यू वॉन यांनी ते मानले नाही, बाहेरून पैसा उभा करून चित्रपट केला. धाडस होते, हे कबूल. पण मुलगी अकराचीच ठेवण्याचे धाडस करणाऱ्याने बापाचे खोटे खरे करून टाकले, आणि मग त्या गोळीच्या प्रसंगी माझ्यासारख्याला निर्धास्त हसता आले.

आपल्याकडे अभिमन्यू आहेच की, असे कुणी म्हणेल. आहे. सोळा वर्षांचा. पण द्रोणपर्वात त्याला व्यूहात धाडणारा युधिष्ठिर नंतर स्वतःलाच दोष देत किती विलाप करतो ते पाहा. ज्याला सुखोपभोगात पुढे ठेवायचे त्याला आम्ही लढाईत पुढे केले, हे त्याला बोचते. धाडणाऱ्याला तिथे सूट नाही.

दुसऱ्या भागाच्या वेळी आणखी एक वळण आले. जिम कॅरी यांनी त्यात काम केले; डिसेंबर २०१२ मध्ये सँडी हूकच्या शाळेत वीस मुले आणि सहा मोठी माणसे मारली गेली. जून २०१३ मध्ये, चित्रपट प्रदर्शित होण्याआधी, इतक्या हिंसेला आपण पाठिंबा देऊ शकत नाही असे कॅरी यांनी जाहीर केले आणि सहकाऱ्यांची माफी मागितली. मिलर यांनी सभ्यपणे प्रतिवाद केला की, कॅरींचे पात्र तर गोळी झाडतच नाही. दोघांचेही खरे. पण बोलणे पुन्हा प्रेक्षकावर काय परिणाम होतो याच्याच वळणावर गेले.

मग २०१७ मध्ये जेम्स मॅनगोल्ड यांचा 'लोगन' आला. लॉरा, वय अकरा, हातापायांतून पाती बाहेर काढून माणसे चिरणारी. रक्त 'किक-अ‍ॅस'पेक्षा कमी नाही. तरी तसा गहजब झाला नाही. कारण तिथे मूल कुणी बनवले हे पहिल्यापासून उघड आहे. एका कंपनीने, प्रयोगशाळेत, शस्त्र म्हणून. निम्म्याहून जास्त चित्रपट ती मुलगी बोलतच नाही. आपण वाईट माणसांनाच मारले, असे ती म्हणते तेव्हा म्हातारा लोगन सांगतो की तरीही ते ओझे वागवावेच लागेल. तिकिटे मात्र तिच्या पात्यांवरही खपली, आणि पाती फिरताना चित्रगृहात शिट्ट्याही पडल्या. मी तिथे होतो. शिट्टी मी मारली नाही, पण हात खुर्चीच्या दांड्यावर घट्ट होते ते भीतीने नव्हते.

जुने टिपण परवा पुन्हा वाचले. त्यात बिग डॅडीबद्दल एकच वाक्य आहे, 'प्रेमळ, किंचित विक्षिप्त बाप'. कॉमिक मी त्याआधी वाचलेले होते. हिशेबनीसाची कबुली मला ठाऊक होती आणि मी ती लिहिली नाही. भाचीचा प्रश्नही लिहिला नाही. तो प्रश्न विचारणारी मुलगी आज नोकरीला आहे. हा लेख लिहिताना तिला फोन केला, तर तिला चित्रपट आठवत नव्हता. "तुम्ही मला आत पाठवलंत आणि दार लावलंत, तेवढं आठवतं," म्हणाली.