तयार शब्दकोशाचा परवाना

शब्दकोश हा एका हंगामांत पिकणारा ग्रंथ नव्हे. त्याच्या मागें शब्दसंग्रहाचीं, अर्थनिश्चितीचीं व मुद्रितें तपासण्याचीं अनेक वर्षें उभीं असतात. म्हणून ज्या प्रकाशकास इंग्रजी कोश काढावयाचा असतो, त्याच्यापुढें दोन मार्ग असतात. एक, पदरीं कोशकार बाळगून तो मुळारंभापासून रचविणें. दुसरा, सिद्ध असलेला कोश त्याच्या मालकाकडून वापरण्यापुरता घेणें. या दुसऱ्या मार्गास परवाना म्हणतात. घर विकणें आणि घर भाड्यानें देणें यांत जो भेद, तोच कोशाची मालकी विकणें आणि त्याचा परवाना देणें यांत आहे. भाडेकरूस राहण्याचा हक्क मिळतो. भिंती पाडण्याचा किंवा दारावरची पाटी बदलण्याचा मिळत नाहीं.

एकोणिसाव्या शतकांत तयार ग्रंथाची देवघेव पुष्कळदां धातूच्या ठशांच्या द्वारें होई. जुळविलेल्या खिळ्यांचा साचा घेऊन त्यांत धातूचा रस ओतीत आणि सबंध पानाचा अखंड ठसा काढीत. कोशाची जुळणी फार खर्चाची. पण असे ठसे हातीं आले, कीं दुसऱ्या देशांतील प्रकाशक एकही खिळा न जुळवितां तोच ग्रंथ छापूं शके. मात्र अमेरिका व ब्रिटन यांच्यामध्यें ग्रंथस्वामित्वाचा परस्परसंबंध १८९१ पर्यंत जुळला नव्हता. त्यामुळें समुद्रापलीकडे गेलेल्या ग्रंथावर कर्त्याचा ताबा फारच सैल राही.

याचें फळ जोसेफ वूस्टर या अमेरिकन कोशकारांस भोगावें लागलें. नोआ वेब्स्टर यांच्या १८२८ च्या मोठ्या कोशाचा संक्षेप वूस्टर यांनीं १८२९ मध्यें सिद्ध केला आणि १८३० मध्यें स्वतःचा निराळा कोश प्रसिद्ध केला. १८३४ मध्यें त्यांच्यावर वेब्स्टरपक्षाकडून उचलेगिरीचा आरोप आला व वूस्टर यांनीं त्यास उत्तर दिलें. पुढें १८४६ मध्यें त्यांनीं अधिक मोठा कोश काढला. वेब्स्टर यांच्या कोशांतून आपण जाणून एकही शब्द वा अर्थ घेतलेला नाहीं, असें त्यांनीं प्रस्तावनेंत स्पष्ट लिहिलें.

याच ग्रंथाची आवृत्ति लंडनमध्यें हेन्री बोन यांनीं काढली. तिच्या मुखपृष्ठावर मात्र हा कोश वेब्स्टर यांच्या सामग्रीवरून वूस्टर यांनीं रचल्याचें छापलें गेलें, आणि प्रस्तावनेंतील तें नेमकें विधान गाळलें गेलें. दरम्यान मोतीबिंदूमुळें वूस्टर यांची दृष्टि जवळजवळ गेली होती. अखेर १८५३ मध्यें त्यांनीं पुस्तिका छापून या प्रकाराचा जाहीर निषेध केला. कोशांतील शब्द त्यांचेच राहिले होते. श्रम तेवढे दुसऱ्याच्या नांवावर जमा झाले होते, आणि ज्या आरोपाचें त्यांनीं खंडन केलें होतें, तोच त्यांच्या कबुलीसारखा वाचकांपुढें गेला होता.

म्हणून परवान्याच्या करारांत केवळ रकमेचा आंकडा पुरत नाहीं. कोणत्या देशांत, किती वर्षें, किती प्रती व कोणत्या स्वरूपांत छापावयाच्या. विक्रीचा हिशेब केव्हां द्यावयाचा. नवे शब्द कोणीं घालावयाचे. मुदत संपल्यावर उरलेल्या प्रतींचें काय करावयाचें, हीं कलमें हवींत. त्याहून महत्त्वाचें कलम असें, कीं मुखपृष्ठ, प्रस्तावना व कर्त्याचें नांव यांत त्याच्या लेखी संमतीवांचून फेरफार होऊं नये.

आज धातूचे ठसे गेले आहेत. आतां कोश संगणकीय नोंदींच्या रूपानें दिला जातो आणि तो दुसऱ्याच्या यंत्रांत बेमालूम मिसळूं शकतो. अर्थ पाहणाऱ्यास तो कोणाच्या कष्टाचा, हें अनेकदां दिसतही नाहीं. तेव्हां वूस्टर यांच्या काळापेक्षां हें शेवटचें कलम आज अधिकच जपून लिहावयास हवें.