हात आणि हत्यारं : धोट्याचं भोक

वायंडिंग खात्यातल्या नायकिणींविषयी, म्हणजे बायकांवरच्या मुकादमिणींविषयी, आज लिहायचं कबूल केलं होतं, पण ते पुढच्या आठवड्यावर ढकलतो आहे. उभी हयात यंत्रमागांवर काढलेल्या इचलकरंजीच्या एका वाचकांचं पत्र आलं आहे आणि त्यातला प्रश्न मला सोडवत नाही. ते विचारतात, ‘धोट्याला ओठ लावावे लागत, म्हणून मुंबईच्या गिरण्यांत दलितांना साचेखात्यात (विणकामाच्या खात्यात) घेत नसत, असं तुम्ही लिहिलंत. मग धागा ओठांनी न ओढता हाताने नाही तर आकड्याने ओढता आला नसता का?’

ज्याने हत्यार हातात धरलं आहे त्यालाच असा प्रश्न सुचतो. त्याचं उत्तर धोट्यापासूनच सुरू करायला हवं.

धोटा लाकडाचा, दोन्ही टोकांना निमुळता, टोकांवर धातूच्या टोप्या. पोट पोकळ, त्यात बाण्याच्या सुताची कांडी बसवलेली. धागा कांडीवरून सुटतो आणि धोट्याच्या कडेला असलेल्या बारीक भोकातून बाहेर पडतो. साचा, म्हणजे माग, चालू झाला की हा धोटा ताण्याच्या दोन थरांमधून सटासट इकडून तिकडे जातो. कांडी काही मिनिटांतच संपते. मग साचा थांबवायचा, रिकामी कांडी काढायची, भरलेली बसवायची आणि नव्या धाग्याचं टोक त्या भोकातून बाहेर काढायचं. टोक आतून भोकाशी धरायचं, बाहेरून ओठ टेकवायचे आणि एक श्वास जोरात आत ओढायचा. धागा सुळकन तोंडात येतो. सरावलेल्या माणसाला यासाठी एक क्षणच लागतो.

आकड्याने हे जमत नव्हतं असं नाही, पण वेळ जास्त लागायचा. साचेवाल्याचा पगार कापडाच्या मापावर. साधारण दोन साचे एका माणसाकडे. थांबलेला साचा म्हणजे बुडालेले पैसे, आणि कांडी तर दिवसभर बदलावी लागते. ओठांची सवय त्या घाईतून रुजली. ती मुंबईत जन्मलेली नाही. आपल्या गिरण्यांची यंत्रं बहुतेक लँकेशायरहून आली आणि त्यांच्याबरोबर ही पद्धतही आली. तिथल्या विणकर बायकाही असाच धागा ओढत. सुताचा कोंडा, खळ, रंग छातीत जायचा, एकाचा धोटा दुसऱ्याच्या तोंडी लागायचा. क्षयाची भीती बोलून दाखवली जायची.

यावर उपाय निघाला होता, आणि इचलकरंजीच्या वाचकांसाठी खरी गंमत यातच आहे. १८९०च्या दशकात अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या ड्रेपर कंपनीने नॉर्थ्रॉप नावाच्या कारागिराचा स्वयंचलित माग बाजारात आणला. त्यात कांडी माग चालू असतानाच आपोआप बदलते. मग धागा ओढायला तोंड कुठून आणणार? म्हणून भोकाच्या जागी अशी खाच काढली, की धोटा धावू लागला की धागा स्वतःच तीत जाऊन बसतो. हाताने ओवायचे धोटेही होते. १९११मध्ये मॅसॅच्युसेट्सने तोंडाने ओढायच्या धोट्यांवर कायद्यानेच बंदी घातली. लँकेशायरच्या मालकांना मात्र नवे धोटे घेणं जिवावर आलं, तिथे बंदीला १९५२ उजाडलं.

म्हणजे मुंबईत ‘उष्ट्या धोट्या’चं कारण पुढे करून माणसांना दाराबाहेर ठेवलं जात होतं, तेव्हा तो धोटा बदलता येण्यासारखा होता. भोकाच्या जागी खाच, एवढाच बदल. ते झालं असतं तर विटाळाचं कारणच उरलं नसतं.

आता साचेखात्यात आत कोण होतं ते पाहू. कोकणातले आणि घाटावरचे मराठे, कुणबी होते. मदनपुऱ्यातले मोमीन, जुलाहे होते. हिंदू आणि मुसलमान एकाच खात्यात राबत होते. गावाकडे एका पंगतीला न बसणाऱ्या माणसांनी कामासाठी इथे बरंच काही सोसलं होतं. सोवळ्याची रेघ नेमकी दलितांपाशीच येऊन थांबली. विदर्भातली कितीतरी महार कुटुंबं तर पिढ्यान्‌पिढ्या जाडंभरडं कापड विणत आली होती आणि ते कापड बाजारात खपत होतं. त्यांनी विणलेलं कापड अंगाला चाले, मात्र साच्यापाशी त्यांना उभं राहू दिलं जात नव्हतं.

ही रेघ तिथेच का ओढली, याचं उत्तर मला पगाराच्या पाकिटात दिसतं. साचेवाल्याची कमाई त्रासनखात्यातल्या (सूतकताईच्या खात्यातल्या) कामगारापेक्षा चांगलीच जास्त होती. दलित कामगार त्रासनखात्यात आणि इतर कमी पगाराच्या कामांत भरलेले. तिथे त्यांची कोणाला अडचण नव्हती. भरती जॉबरच्या, म्हणजे मुकादमाच्या, हातात. तो आपल्या गावचा, आपल्या भावकीतला माणूस आणायचा, आणि नवखा माणूस नात्यातल्या कोणाशेजारी उभा राहून साचा शिकायचा. परीक्षा नाही, प्रमाणपत्र नाही. ज्याला शेजारी उभंच राहू देत नाहीत, त्याने ही कला शिकायची कुठे? मग ‘यांना साचा येत नाही’ हे म्हणणं वर्षागणिक खरं ठरत जातं. कसबी धंद्यातला भेदभाव मला इथे सर्वांत क्रूर वाटतो. तो आधी शिकण्याची वाट अडवतो आणि मग न शिकल्याबद्दल दोष देतो.

१९२८च्या मुंबईतल्या गिरण्यांच्या सार्वत्रिक संपात डॉ. आंबेडकरांनी याच जागी बोट ठेवलं. सुमारे दीड लाख कामगार एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत बाहेर होते. संपाच्या पुढाऱ्यांना त्यांनी सांगितलं, साचेखातं दलितांना खुलं करण्याची मागणी तुमच्या यादीत आली पाहिजे, नाहीतर माझ्या माणसांना मी संपापासून दूर राहायला सांगेन. पुढाऱ्यांनी ती नाखुशीने घेतली. मालकांनी हात झटकले, हा अन्याय असेल तर तो आमचा नव्हे म्हणाले. मालक कामगारांच्या रूढीकडे बोट दाखवत होते आणि कामगार धोट्याकडे.

धोटा खरोखरच कारण असता, तर जिथे धोटा नाही तिथे दार उघडं असायला हवं होतं. म्हणून रेल्वेकडे पाहावं. १२ आणि १३ फेब्रुवारी १९३८ला मनमाडला ग्रेट इंडियन पेनिन्सुला (जीआयपी) रेल्वेच्या दलित कामगारांची परिषद झाली. डॉ. आंबेडकर अध्यक्ष होते. कामगारांचे दोन शत्रू, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही, असं त्यांनी ठणकावून सांगितलं ते तिथल्याच अध्यक्षीय भाषणात. ते वाक्य सगळ्यांना ठाऊक असतं, पण त्यापुढे त्यांनी रेल्वेतल्या नोकऱ्यांची जी झाडाझडती घेतली, ती मी या लेखमालेच्या वाचकांना आवर्जून वाचायला सांगेन. दलित कामगार गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच संपतो. त्याला पोर्टर करत नाहीत, कारण स्टेशनमास्तर पोर्टरकडून घरची कामं करून घेतो. वर्कशॉपमध्ये तो हमालीच करतो, मेकॅनिक होत नाही. वर्कशॉपमधल्या पान्याला, कानशीला, लेथला कोणी ओठ लावत नाही. तरीही तिथे दार बंदच होतं.

म्हणून पत्रलेखकांना माझं उत्तर असं : आकड्याने धागा ओढता आला असता, खाचेच्या धोट्याने तर आकड्याचीही गरज उरली नसती. ते करावंसं वाटलं नाही, कारण त्या भोकाच्या आडून चांगल्या पगाराची जागा राखली जात होती.

पुढे राज्यघटनेच्या १७व्या कलमाने अस्पृश्यता गेली, १९५५च्या कायद्याने कोणालाही धंदा करण्यापासून अस्पृश्यतेपोटी अडवणं हा गुन्हा ठरला. मला यांहून कमी चर्चा झालेली एक तरतूद मोलाची वाटते. १९७३मध्ये अ‍ॅप्रेंटिस कायद्यात दुरुस्ती झाली आणि शिकाऊ उमेदवारांच्या जागांत अनुसूचित जाती-जमातींसाठी राखीव वाटा आला. फिटर, टर्नर, वेल्डर होण्यासाठी कोणाच्या तरी शेजारी उभं राहावं लागतं, आणि तिथे उभं राहण्याचा हक्क त्या दुरुस्तीने दिला. मात्र हक्काने उभ्या राहिलेल्या पोराला मशीन सोडून फक्त झाडू हातात दिला जात असेल, जातीवरून टोमणे मारले जात असतील, तर जॉबरच्या काळातली शाळा अजून बंद झालेली नाही. शॉपफ्लोअरवर असं पाहणाऱ्याने गप्प राहू नये.

यापुढे कोणत्याही कारखान्यात ‘कामच असं आहे, यांना जमणार नाही’ असं ऐकलं, की दोन गोष्टी तपासा. ते हत्यार किती खर्चात बदलता येईल, आणि त्या जागेचा पगार शेजारच्या जागेपेक्षा किती जास्त आहे.

हीच तपासणी पुढच्या आठवड्यात बायकांच्या कामाला लावू. रात्रपाळी, वजनं, स्वच्छतागृहं, जॉबरचा जाच, आणि कबूल केल्याप्रमाणे नायकिणी. साचेखात्यात काम केलेल्या वाचकांनी धोटा कसा भरत होते ते मात्र जरूर कळवावं.