दातांचे खाते: ठेव, उचल आणि मोजमाप

'दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत' ही म्हण आपण दैवाच्या उफराट्या न्यायासाठी वापरतो. दात जाणे हे जणू वयाबरोबर येणारे प्रारब्धच आहे, असा तिचा सूर असतो. दंतवैद्यकातील गेल्या शतकाचे संशोधन मात्र वेगळे सांगते. दातांची कीड हा दैवाचा नव्हे, तर नित्याच्या हिशेबाचा विषय आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार जगात सुमारे २०० कोटी लोकांचे कायमचे दात किडलेले आहेत आणि ५१ कोटींहून अधिक मुलांच्या दुधाच्या दातांना कीड लागलेली आहे. इतका व्यापक आणि तरीही इतका टाळता येण्याजोगा विकार क्वचितच आढळेल.

किडीचा जमाखर्च

'कीड' हा शब्द फसवा आहे. दातात कोणताही किडा शिरत नाही. दातांवर साचणाऱ्या चिकट थरातील जिवाणू साखरेपासून आम्ल तयार करतात आणि ते आम्ल दाताच्या कठीण आवरणातील कॅल्शियम व फॉस्फेट ही खनिजे विरघळवते. ही झाली उचल. त्यानंतर तोंडातील लाळ आम्लाचा प्रभाव हळूहळू कमी करते आणि तीच खनिजे दाताला परत मिळवून देते. ही झाली ठेव. हा व्यवहार आपल्या तोंडात दिवसभर चालू असतो. उचल सातत्याने ठेवीपेक्षा अधिक होऊ लागली, की प्रथम पांढुरका डाग उमटतो आणि पुढे खड्डा पडतो. डागाच्या अवस्थेत खाते सावरता येते. खड्डा पडल्यावर मात्र दंतवैद्याची पायरी चढण्यावाचून गत्यंतर नसते.

या हिशेबातील एक महत्त्वाचे कलम स्वीडनमध्ये उलगडले. तेथील लुंड शहराजवळच्या विपेहोम या मतिमंदांच्या संस्थेत १९४५ पासून काही वर्षे साखरेविषयी प्रयोग करण्यात आले. जेवणासोबत खाल्लेल्या साखरेपेक्षा दोन जेवणांच्या मधल्या वेळेत वारंवार चघळलेली चिकट टॉफी दातांचा कितीतरी अधिक नाश करते, असे त्यांतून सिद्ध झाले. साखर किती खाल्ली, याइतकेच ती कितीदा खाल्ली यालाही महत्त्व आहे, हे ज्ञान आज सर्वमान्य आहे. परंतु ज्यांना संमती देता येत नव्हती अशा रुग्णांचे दात त्यासाठी मुद्दाम किडवले गेले, हा त्या संशोधनावरील कलंक पुसला जाणारा नाही. आजच्या वैद्यकीय चाचण्यांत संमतीला जे अग्रस्थान आहे, त्यामागे अशाच कटू अनुभवांची पार्श्वभूमी आहे.

फ्लोराईडचा शोध

ठेव वाढवणाऱ्या घटकाचा शोध मात्र डागांच्या वाटेने लागला. अमेरिकेतील कोलोरॅडो स्प्रिंग्ज या गावी १९०१ साली व्यवसायासाठी आलेल्या फ्रेडरिक मॅके या तरुण दंतवैद्याला तेथील रहिवाशांच्या दातांवर तपकिरी डाग दिसले. पुढे त्याच्या लक्षात आले, की हे डागाळलेले दात सहसा किडत नाहीत. या दोन्हींचे कारण पाण्यातील फ्लोराईड आहे, हे १९३१ साली रासायनिक परीक्षणातून कळले. त्यानंतर डॉ. ट्रेन्डली डीन यांनी गावोगावचे पाणी आणि मुलांचे दात ताडून पाहिले. एका लिटरमध्ये सुमारे १ मिलिग्रॅम फ्लोराईड असेल, तर कीड लक्षणीय घटते आणि डागही फारसे पडत नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष होता. २५ जानेवारी १९४५ रोजी ग्रँड रॅपिड्स या शहराच्या पाण्यात या प्रमाणात फ्लोराईड मिसळण्यास प्रारंभ झाला. ११ वर्षांनी पाहणी केली, तेव्हा त्यानंतर जन्मलेल्या मुलांतील कीड ६० टक्क्यांहून अधिक घटल्याचे आढळले.

पुढे हेच फ्लोराईड टूथपेस्टमध्ये आले. मुलांचे दोन गट पाडावेत, कोणाला कोणती पेस्ट मिळेल हे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे ठरवावे आणि दात तपासणाऱ्यालाही ते ठाऊक नसावे, अशा काटेकोर पद्धतीने अनेक चाचण्या झाल्या. अशा सुमारे ७० चाचण्यांचा एकत्रित आढावा २००३ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार फ्लोराईडयुक्त पेस्टमुळे मुलांतील कीड सरासरी २४ टक्क्यांनी कमी होते.

मंडल्याचा धडा

येथवर वाचून फ्लोराईड जितके अधिक तितके उत्तम, असे कोणास वाटेल. त्याचे उत्तर जबलपूरकरांना दूर शोधावे लागत नाही. आपल्या शेजारच्या मंडला जिल्ह्यातील तिलईपानी या गावी मुलांचे दात डागाळलेले होतेच, शिवाय अनेकांचे गुडघे आत वळून पाय वाकडे झाले होते. जबलपूर येथे १९८४ साली स्थापन झालेल्या आणि आज राष्ट्रीय जनजाती स्वास्थ्य संशोधन संस्था म्हणून ओळखल्या जाणाऱ्या केंद्रातील डॉ. तापस चकमा व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात याचा छडा लावला. गावाच्या हातपंपांच्या पाण्यात फ्लोराईडचे प्रमाण मर्यादेच्या कितीतरी पट होते. भारतीय मानकानुसार लिटरमागे १ मिलिग्रॅम हे इष्ट प्रमाण आहे, तर पर्यायी स्रोत नसेल तेव्हा १.५ मिलिग्रॅम ही कमाल मर्यादा मानली जाते.

या संशोधकांनी केवळ निदान केले नाही. सुरक्षित पाण्याच्या जोडीने मुलांच्या आहारात कॅल्शियम, क जीवनसत्त्व आणि लोह वाढवण्यावर त्यांनी भर दिला. त्यासाठी हाताशी होती ती पावसाळ्यात आपोआप उगवणारी चकौड्याची भाजी, म्हणजेच आपला टाकळा. ही भाजी कॅल्शियमने समृद्ध असते आणि कॅल्शियम पोटातील फ्लोराईडला बांधून ठेवते. या उपायांनी विशेषतः लहान वयाच्या मुलांत सुधारणा दिसून आली. दातांवर एकदा उमटलेले डाग मात्र आपोआप जात नाहीत, कारण ते दात घडतानाच, म्हणजे साधारण वयाच्या आठव्या वर्षापर्यंत पडतात.

ग्रँड रॅपिड्स आणि तिलईपानी या दोन गावांत द्रव्य एकच होते. फरक होता तो मात्रेचा. कर्जाने घर उभे राहते आणि कर्जानेच ते बुडते, हे बँकेच्या वाचकांना निराळे सांगावयास नको.

उपचारांची नवी दिशा

उपचारांतही संशोधनाने संयम शिकवला आहे. पूर्वी किडलेला भाग पूर्णतः कोरून काढणे हाच शिरस्ता होता. स्कॉटलंडमधील डॉ. नॉर्ना हॉल यांनी मुलांच्या किडलेल्या दुधाच्या दाढांवर न कोरता, इंजेक्शनही न देता, पोलादी टोपण बसवण्याची पद्धत अवलंबिली. किडीला आत कोंडून तिचे अन्न तोडणे, हे त्यामागील तत्त्व होय. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ही पद्धत नेहमीच्या भरावापेक्षा सरस ठरली. जपानमध्ये १९६० च्या दशकात विकसित झालेले सिल्व्हर डायमाइन फ्लोराईड हे द्रावण किडलेल्या जागी लावले असता बहुधा कीड तेथेच थांबते. त्या जागी काळा डाग राहतो, एवढीच त्याची उणीव. २०२१ साली जागतिक आरोग्य संघटनेने हे द्रावण, फ्लोराईडयुक्त टूथपेस्ट आणि भरावासाठी वापरले जाणारे ग्लास आयनोमर सिमेंट यांना अत्यावश्यक औषधांच्या यादीत स्थान दिले.

आपल्या घरासाठी

या साऱ्या संशोधनाचे सार थोडक्यात सांगता येते. गोड खायचेच तर जेवणासोबत खावे, दिवसभर चघळू नये. रात्री झोपण्यापूर्वी आणि सकाळी फ्लोराईडयुक्त पेस्टने दात घासावेत. तीन वर्षांखालील मुलांना तांदळाच्या दाण्याएवढी, तर तीन ते सहा वर्षांच्या मुलांना वाटाण्याएवढी पेस्ट पुरते आणि ती गिळली जाणार नाही याकडे मोठ्यांनी लक्ष द्यावे. नदी-तलावाच्या पाण्यात फ्लोराईड सहसा कमी असते, खोल विंधनविहिरीच्या पाण्यात मात्र ते अधिक असू शकते. म्हणून घरी विंधनविहिरीचे पाणी पिण्यात असेल, तर ते एकदा प्रयोगशाळेतून तपासून घ्यावे. पाणी उकळल्याने फ्लोराईड जात नाही, हेही ध्यानात असावे.

ग्रामीण शाखांत सेवा बजावणाऱ्या सहकाऱ्यांना एक विनंती कराविशी वाटते. खाते उघडण्यासाठी पालकांसमवेत आलेल्या मुलाचे तपकिरी दात दिसले, तर ते मूल दात घासत नसावे असा ग्रह करून घेऊ नये. तुमच्या गावी पिण्याचे पाणी कोठून येते, एवढा एक प्रश्न विचारावा आणि ते तपासून घेण्यास सुचवावे. त्या मुलाचे दात कदाचित पूर्ववत होणार नाहीत; पण त्याच्या पाठच्या भावंडांचे दात आणि पाय त्या एका प्रश्नाने वाचू शकतील.