स्पोर्ट्स कारची देखभाल व दोषनिवारण

स्पोर्ट्स कार म्हणजे वेग, चपळता व अचूक नियंत्रण यांना प्राधान्य देऊन रचलेली, बहुधा दोन आसनांची व जमिनीलगत बांधणीची मोटार होय. अशा मोटारीत इंजिन, ब्रेक, टायर व शीतन यंत्रणा सामान्य मोटारीपेक्षा अधिक तापमानात व अधिक भाराखाली काम करतात. त्यामुळे साध्या मोटारीत महिनोन्‌महिने खपून जाणारा किरकोळ दोष येथे थोड्याच अवधीत मोठ्या बिघाडाचे किंवा अपघाताचे कारण ठरू शकतो. दोष वेळीच ओळखणे, त्याचे मूळ कारण शोधणे व योग्य क्रमाने तो दूर करणे यास दोषनिवारण म्हणतात.

पार्श्वभूमी

महाराष्ट्रात स्पोर्ट्स कारच्या निर्मितीचे ठळक उदाहरण म्हणजे अवंती ही मोटार. दिलीप छाब्रिया यांच्या डीसी डिझाइन या संस्थेने ती इ.स. २०१२ मध्ये दिल्ली येथील वाहन प्रदर्शनात प्रथम सादर केली. या मोटारीत टर्बोचार्जर असलेले दोन लिटर क्षमतेचे पेट्रोल इंजिन आसनांच्या मागे, म्हणजे मागील आसाच्या पुढे, बसविलेले होते. या रचनेस मध्य-इंजिन रचना म्हणतात. परदेशी बनावटीच्या स्पोर्ट्स कारही मुंबई, पुणे, नागपूर इत्यादी शहरांत आढळतात.

नागपूर ते मुंबई हा ७०१ किमी लांबीचा समृद्धी महामार्ग टप्प्याटप्प्याने खुला झाला. त्याचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी वाहतुकीस सुरू झाला. या मार्गावर दीर्घकाळ एकाच वेगाने वाहन चालविणे शक्य झाले, तसेच टायर फुटून होणाऱ्या अपघातांचा प्रश्नही ऐरणीवर आला. विदर्भात उन्हाळ्यात हवेचे तापमान ४५ अंश सेल्सिअसपर्यंत व कधी त्याहून वर जाते. या हवामानात वेगवान मोटारीची देखभाल हा केवळ हौसेचा विषय राहत नाही. मोटारीतील व रस्त्यावरील माणसांच्या जिवाशी त्याचा थेट संबंध येतो.

दोषनिदानाची पद्धत

दोषनिदानाचा पहिला नियम असा की, एका वेळी एकच गोष्ट बदलावी. दोन-तीन भाग एकदम बदलल्यास मोटार सुरळीत होईलही, परंतु मूळ दोष कोणता होता हे कळत नाही व खर्च वाया जातो. दुसरा नियम असा की, तपासणी स्वस्त व सोप्या शक्यतेपासून सुरू करून महाग व अवघड शक्यतेकडे न्यावी. वायरचा सैल जोड, फाटलेली रबरी नळी, तुंबलेला एअर फिल्टर किंवा उतरलेली बॅटरी यांची तपासणी इंजिन उघडण्याआधी करणे इष्ट असते.

आधुनिक मोटारीत इंजिनाचे नियंत्रण संगणकाद्वारे होते. दोष आढळल्यास हा संगणक एक सांकेतिक क्रमांक नोंदवून ठेवतो. डॅशबोर्डखालील १६ पिनांच्या जोडणीस स्कॅनर लावून तो वाचता येतो. मात्र हा क्रमांक लक्षण सांगतो, दोषी भाग सांगतोच असे नाही. उदाहरणार्थ, ‘पी०१७१’ याचा अर्थ इंजिनात हवेच्या मानाने इंधन कमी पडत आहे एवढाच होतो. त्याचे कारण हवेची गळती, अशक्त इंधन पंप किंवा हवामापक संवेदकावरील धूळ यांपैकी काहीही असू शकते.

‘पी०३०१’ हा क्रमांक पहिल्या सिलिंडरमध्ये ज्वलन चुकत असल्याचे दर्शवितो. अशा वेळी पहिल्या सिलिंडरची इग्निशन कॉइल काढून तिसऱ्यावर व तिसऱ्याची पहिल्यावर लावावी आणि मोटार पुन्हा चालवून पाहावी. नवा क्रमांक ‘पी०३०३’ आल्यास दोष कॉइलबरोबर सरकला, म्हणजेच कॉइल खराब आहे. क्रमांक तोच राहिल्यास स्पार्क प्लग, इंजेक्टर व सिलिंडरमधील दाब यांची क्रमाने तपासणी करावी. या अदलाबदलीस खर्च येत नाही व निष्कर्ष बहुधा निश्चित मिळतो.

शीतन यंत्रणा

मध्य-इंजिन मोटारींमध्ये इंजिन मागे व रेडिएटर बहुधा पुढे असतो. त्यामुळे कूलंट वाहून नेणाऱ्या नळ्या लांब असतात व दुरुस्तीनंतर त्यांत हवेचे बुडबुडे अडकण्याचा संभव असतो. अडकलेली हवा काढल्याशिवाय कूलंट भरल्यास टाकी भरलेली दिसूनही इंजिन तापते.

इंजिन केव्हा तापते यावरून कारणाचा अंदाज बांधता येतो. रहदारीत उभे असताना तापमान वाढत असेल व वेग घेताच उतरत असेल, तर पंखा, त्याचा फ्यूज किंवा रिले यांत दोष असण्याची शक्यता अधिक असते. याउलट, उभी असताना मोटार ठीक व वेगात तापत असेल, तर रेडिएटर आतून किंवा बाहेरून तुंबणे, पाण्याचा पंप झिजणे अथवा थर्मोस्टॅट पूर्ण न उघडणे ही कारणे तपासावीत. कूलंट सतत कमी होणे, एक्झॉस्टमधून दाट पांढरा धूर येणे व इंजिन ऑइल दुधाळ दिसणे ही लक्षणे एकत्र आढळल्यास सिलिंडर हेडचे गॅस्केट फुटल्याचा संशय घ्यावा व मोटार चालवू नये.

यंत्रणेतील कूलंट दाबाखाली असतो. या दाबामुळे त्याचा उत्कलनबिंदू १०० अंशांच्या बराच वर जातो. तापलेल्या स्थितीत झाकण उघडल्यास दाब एकदम नाहीसा होऊन उकळता द्रव उसळतो व चेहरा आणि हात गंभीररीत्या भाजतात. म्हणून इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच झाकण उघडावे.

इंजिन, टर्बोचार्जर व इंधन

टर्बोचार्जरमधील चक्र मिनिटाला एक लाखाहून अधिक फेरे घेऊ शकते व त्याच्या बेअरिंगला इंजिन ऑइलचाच आधार असतो. वेगाने मोटार चालविल्यानंतर इंजिन लगेच बंद केल्यास बेअरिंगमधील ऑइल तेथेच जळून त्याचा कोळशासारखा थर जमतो. यासाठी प्रवासाची शेवटची काही मिनिटे संथ गतीने मोटार चालवावी किंवा थांबल्यावर मिनिटभर इंजिन चालू ठेवावे. जोर कमी होऊन शिट्टीसारखा आवाज येत असल्यास टर्बो व इंजिन यांमधील नळी निसटल्याची किंवा चिरल्याची शक्यता आधी पाहावी.

एक्झॉस्टच्या धुराचा रंगही बोलका असतो. निळसर धूर ऑइल जळत असल्याचे, काळा धूर इंधन प्रमाणाबाहेर जात असल्याचे व सतत येणारा दाट पांढरा धूर कूलंट जळत असल्याचे लक्षण होय. थंडीत सकाळी दिसणारी व लवकर विरणारी पांढरी वाफ मात्र नैसर्गिक असते. ऑइलच्या दाबाचा लाल दिवा लागल्यास मोटार सुरक्षित जागी घेऊन इंजिन तत्काळ बंद करावे. ‘पुढच्या गॅरेजपर्यंत जाऊ’ या विचाराने इंजिन कायमचे निकामी होऊ शकते.

भारतातील साध्या पेट्रोलचा ऑक्टेन अंक पूर्वी सामान्यतः ९१ असे. उच्च दाबाच्या अनेक इंजिनांना ९५ किंवा त्याहून अधिक अंकाचे पेट्रोल लागते. कमी अंकाचे पेट्रोल भरल्यास इंजिनात ठोके पडतात. ते टाळण्यासाठी संगणक ठिणगीची वेळ मागे सरकवितो व मोटार मंदावल्यासारखी वाटते. हा यांत्रिक बिघाड समजून भाग बदलण्याआधी टाकीत कोणते पेट्रोल आहे हे पाहावे. इ.स. २०२० मध्ये इंडियन ऑइलने १०० ऑक्टेनचे पेट्रोल निवडक शहरांत आणले, त्यांत मुंबई व पुणे यांचा समावेश होता. इथेनॉलमिश्रित पेट्रोल हवेतील ओलावा शोषून घेते व जुन्या मोटारींच्या रबरी नळ्यांना ते हानिकारक ठरू शकते. म्हणून अशा मोटारींतील इंधननळ्या नियमित तपासाव्यात. इंजिनाजवळ पेट्रोलचा वास येणे ही आगीची पूर्वसूचना समजावी.

ब्रेक

चालत्या मोटारीची गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी ६० किमीऐवजी १२० किमी वेगाने जाणारी मोटार थांबविण्यासाठी ब्रेकला चौपट ऊर्जा उष्णतेत रूपांतरित करावी लागते. खंडाळ्यासारख्या घाटात सतत ब्रेक दाबत उतरल्यास पॅड व डिस्क तापून ब्रेकची पकड कमी होते. यासाठी उतारावर खालच्या गिअरमध्ये राहून इंजिनाच्या रोधाचा उपयोग करावा.

ब्रेक ऑइल हवेतील पाणी शोषून घेते. डॉट ४ प्रतीच्या नव्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो, परंतु पाणी शोषल्यावर तो १५५ अंशांपर्यंत खाली येऊ शकतो. ऑइल उकळून वाफेचे बुडबुडे झाल्यास पेडल मऊ पडते व तळापर्यंत जाते. म्हणून ब्रेक ऑइल साधारणतः दोन वर्षांनी, शर्यतीच्या मार्गावर वापर होत असल्यास त्याहून आधी, बदलावे. सिलिकोनयुक्त डॉट ५ ऑइल डॉट ४ मध्ये कधीही मिसळू नये. ब्रेक दाबताना स्टीअरिंग थरथरत असल्यास डिस्कची जाडी असमान झाली आहे का, हे मोजून पाहावे.

टायर

टायरच्या बाजूवर त्याच्या निर्मितीचा आठवडा व वर्ष चार अंकांत दिलेले असते. ‘२३१९’ म्हणजे २०१९ सालातील तेविसावा आठवडा होय. स्पोर्ट्स कार वर्षातून थोडेच अंतर चालत असल्याने तिच्या टायरची नक्षी शाबूत दिसते, परंतु रबर वयानुसार कडक होऊन त्यास सूक्ष्म चिरा पडतात. नक्षी पाहून टायर चांगला समजणे ही या मोटारींच्या बाबतीत नेहमी होणारी व घातक चूक आहे. टायरवरील वेगाचे अक्षरही पाहावे. ‘एच’ म्हणजे ताशी २१०, ‘व्ही’ म्हणजे २४० व ‘वाय’ म्हणजे ३०० किमी अशी कमाल मर्यादा असते.

हवेचा दाब टायर थंड असतानाच मोजावा. २५ अंश तापमानात ३२ पीएसआय भरलेला टायर ६० अंशांपर्यंत तापल्यास त्यातील दाब सुमारे ३७ पीएसआय होतो. ही वाढ गृहीत धरूनच थंड टायरचा दाब ठरविलेला असतो. तापलेल्या टायरमधून हवा काढल्यास थंड झाल्यावर दाब अपुरा पडतो. अपुऱ्या दाबाचा टायर वेगात अधिक वाकतो, अधिक तापतो व अखेरीस फुटतो. नायट्रोजन कोरडा असल्याने दाब काहीसा स्थिर राहतो हे खरे, तथापि तापल्यावर तोही प्रसरण पावतो. साध्या हवेतही सुमारे ७८ टक्के नायट्रोजनच असतो. म्हणून नायट्रोजन भरला तरी दाब तपासण्याची गरज टळत नाही.

विद्युत यंत्रणा व पावसाळा

दीर्घकाळ उभ्या राहणाऱ्या मोटारीत बॅटरी उतरणे हा सर्वांत सामान्य दोष होय. पूर्ण भारित बॅटरीचा दाब इंजिन बंद असताना सुमारे १२.६ व्होल्ट असतो, तर १२ व्होल्टच्या आसपास ती जवळजवळ उतरलेली असते. अशा स्थितीत अनेक संगणक एकाच वेळी खोट्या दोषसूचना देतात. म्हणून इतर तपासणीपूर्वी बॅटरी भारित करून घ्यावी. उभ्या मोटारीतील वायरी उंदीर कुरतडतात, हे कारण भारतात विशेषत्वाने लक्षात ठेवावे लागते.

पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून ठेंगणी मोटार नेल्यास हवेच्या मार्गाने पाणी सिलिंडरमध्ये शिरू शकते. पाणी दाबले जात नसल्याने कनेक्टिंग रॉड वाकतो. पाण्यात बंद पडलेली मोटार म्हणूनच पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न करू नये.

मोटार हलविणे व दुरुस्तीची मर्यादा

भंडारा जिल्ह्यातील आंबागडच्या टेकड्यांसारख्या, मोठ्या शहरापासून दूर असलेल्या भागात मोटार बंद पडल्यास ती दोरीने ओढू नये. चारही चाके वर घेणाऱ्या सपाट तळाच्या वाहनावरून ती न्यावी, कारण स्वयंचलित किंवा चारही चाकांना शक्ती देणाऱ्या गिअरबॉक्सची ओढताना हानी होऊ शकते. जॅक निर्मात्याने नेमून दिलेल्या बिंदूंवरच लावावा व केवळ जॅकच्या आधारावर असलेल्या मोटारीखाली कोणीही जाऊ नये.

ऑइल, कूलंट व टायरचा दाब तपासणे, फिल्टर, प्लग वा कॉइल बदलणे आणि दोषक्रमांक वाचणे ही कामे मोटारधारकास शिकून करता येतात. ब्रेकच्या नळ्या, इंधन यंत्रणा, एअरबॅग व संकरित मोटारींतील उच्च दाबाची विद्युत यंत्रणा ही कामे मात्र प्रशिक्षित तंत्रज्ञाकडेच सोपवावीत. प्रत्येक दुरुस्तीची तारीख, किलोमीटरची नोंद, आढळलेले लक्षण व बदललेला भाग एका वहीत लिहून ठेवावा. दोष पुन्हा उद्‌भवल्यास तंत्रज्ञाला या नोंदींचा मोठा उपयोग होतो.